धनीबाईचा डोंगर

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पतसंस्थेने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. आज उघडली, कारण घरात एक विषय निघाला आहे आणि तो बाहेर कोणाशी बोलावा तर लोक हसतील.

माझ्या बायकोला, धनीबाईला, कळसूबाईच्या डोंगरावर जायचे आहे.

दारव्ह्याच्या बाजारात तिला इंदुताई भेटली. इंदुताईचे शेत आमच्या शेताला लागून आहे, दोघींचे जुने जमते. यवतमाळची सुरभी नावाची एक मुलगी माणसांचे छोटे गट करून डोंगर-किल्ल्यांवर नेते. इंदुताई मागच्या वर्षी तिच्याबरोबर कुठलासा किल्ला चढून आली. आता सुरभी आठ-दहा जणांना कळसूबाईला नेणार आहे, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर. इंदुताईने विचारले आणि आमची धनीबाई भाजीच्या दुकानापुढे उभ्या उभ्या हो म्हणाली. घरी येऊन मला सांगितले. विचारले नाही, सांगितले.

मी म्हटले, "कायले? देव पाहाचा तर पोहरागडले चाल. गाडीवर नेतो."

"देव नाई पाहाचा. डोंगर चढाचा हाय."

"चढून काय करशीन?"

"उतरीन."

(घरात आम्ही गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतो. शाळा आणि एसटीची नोकरी दोन्ही मराठीत झाल्यामुळे लिहिताना मराठीच येते.)

तिला करमत नसावे. माझी याडी, म्हणजे आई, मार्चमध्ये गेली. याडी अंथरुणाला खिळल्यापासून तिला उठवणे, बसवणे, अंग पुसणे, भरवणे सगळे धनीबाईच करायची. कित्येक वर्षे ती माहेरीसुद्धा मुक्कामी राहिली नाही. आता काम एकदम कमी झाले. रिकाम्या माणसाच्या डोक्यात असे काहीतरी येते.

तिला एकटी सोडणे बरोबर नाही, म्हणून मीही नाव दिले. मला घाट नवीन नाहीत. पुसदचा, माहूरचा, चिखलदऱ्याचा, सगळे घाट भरलेल्या गाडीने चढलो आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुरभीने सगळ्यांना रोज चढ-उतार करायला सांगितले आहे. तांड्यामागच्या टेकडीवर सेवालाल महाराजांचे देऊळ आहे, धनीबाई रोज उजाडताना तिथे जाऊन येते. दिवाळीच्या दिवशीही चुकवले नाही. संध्याकाळी तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर ओवाळत मेरा मागायला आल्या, तर ही त्यांना म्हणते, "दिवे घेऊन टेकडीवरच जाऊ ना, चाला." पोरी हसत सुटल्या.

मी सोबत जातो. मी मागे राहतो, म्हणजे तिला कोणी ओढून नेल्यासारखे वाटत नाही. अर्ध्या वाटेवर पळसाचे झाड आहे, तिथे मी थांबतो. तेवढाच तिला दम खायला मिळतो. आज मी थांबलो तर ती थांबलीच नाही. वर गेली, घंटा वाजवली, ती मला खाली ऐकू आली. मग उतरून माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "चाला, आता तुमच्यासंग एक डाव आणखी जाऊ."

चाल कशी राखायची हे तिला अजून कळलेले नाही. भरली गाडी पहिल्या गिअरवर चढवायची असते, हे शिकवावे लागेल.

बुटांवरून थोडे वाजले. साडीवर पांढरे बूट चांगले दिसत नाहीत असे मी म्हणालो. ती म्हणाली, "डोंगराले काय दिसते?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

इंदुताईकडे सुरभी आली होती. किडकिडीत मुलगी, आवाज बारीक, पण मुद्द्याचे बोलते. काय घ्यायचे, काय नाही, पाणी किती, सगळे नीट समजावले. शनिवार-रविवारी तिथे जत्रेसारखी गर्दी असते म्हणून मंगळवारी चढायचे ठरले. मग एकेकाला तब्येतीचे विचारू लागली.

मला म्हणाली, "काका, बीपी, शुगर?"

मी म्हटले, "आम्ही एसटीतले. आमची दरवर्षी मेडिकल होत होती."

"आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली ना? एकदा ईसीजी काढून घ्या. चढावर दम लागतो का? छातीत काही?"

"काई नाई."

धनीबाई माझ्याकडे पाहत होती. बाकी सगळ्यांसमोर काही बोलली नाही हे बरे केले. वाटेत म्हणाली, "काढून घ्या ना ईसीजी." काढून घेईन. सध्या कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत, जीप करून घाटंजीकडून आणाव्या लागतात. त्या गडबडीत दवाखान्याच्या रांगेत कोण बसणार?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

टेकडी चढताना छाती जड झाली. डाव्या बाजूने जबड्यापर्यंत कळ गेली. रात्री वांग्याची भाजी खाल्ली होती, त्यावर ताक. पळसाखाली बसलो की थोड्या वेळात जाते, म्हणजे गॅसच आहे. ड्युटीवर अर्ध्या ड्रायव्हरांना हाच त्रास होता.

धनीबाईने पाहिले. "काय होऊन राह्यलं?"

"ॲसिडिटी."

तिने घरी आल्यावर ओवा दिला. दुपारी भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "आपण नाई गेलो तं चालते का?"

शेवटी घाबरलीच. इतके दिवस आव आणत होती. मी म्हटले, "भेव वाटत असंल तं तसं सांग. मी हाओ ना संग."

तिने ओव्याची बरणी माझ्यापुढे सरकवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. बारी गाव

पोचलो. यवतमाळहून टेम्पो ट्रॅव्हलर आली, आम्हाला दारव्ह्याला घेतले आणि कारंज्याला समृद्धीवर चढली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. बबलू नावाचा तरुण आहे, हात बरा आहे. पण रस्ता इतका सरळ की डोळे मिटतात. मी त्याला वाटभर बोलते ठेवले. मागे बायका गाणी म्हणत होत्या. धनीबाईचा आवाज मला ओळखू आला, कारण ती गोरमाटीतले म्हणत होती आणि बाकीच्या नुसत्या टाळ्या देत होत्या. तिला एवढी गाणी येतात हे माहीत नव्हते.

घोटी सोडल्यावर डोंगर दिसायला लागले. आपल्याकडच्या टेकड्यांसारखे नाहीत. थेट भिंतीसारखे उभे. सुरभीने हात करून कळसूबाई दाखवली. मला वाटले अलीकडची, ती म्हणाली नाही काका, तिच्या मागची.

बारीत निवृत्ती नावाच्या माणसाच्या घरी उतरलो. तोच उद्या वाट दाखवायला येणार. त्याच्या घरच्यांनी नागलीची भाकरी आणि पिठले केले. थंडी खूप. धनीबाई अंगणात उभी राहून वर पाहत होती. हाक मारली तरी लवकर आत आली नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

निवृत्तीच्या ओसरीवर खाटेवर पडून लिहितो आहे. बाकीचे अजून वरून आले नाहीत.

सकाळी उजेड फुटताच निघालो. आधी भाताच्या खाचरांतून वाट, मग गर्द झाडी, मग दगडी पायऱ्या. पुढे निवृत्ती, मागे सुरभी, मध्ये आम्ही. धनीबाई निवृत्तीच्या पाठोपाठ होती, जशी काही त्याच गावची. मी सुरुवातीपासून माझ्या चालीने.

वाटेत एका मोठ्या दगडापाशी सगळे थांबले तेव्हा निवृत्तीने कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची एक मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची अट होती, सगळे काम करीन पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा घरी खूप पाहुणे आले आणि पाटलाने तिला नेमकी तीच दोन कामे सांगितली. तिने ती केली आणि निघाली ती या डोंगरावर आली. परत उतरली नाही.

हे ऐकून धनीबाई इतकी हसायला लागली की तिला दगडाला धरावे लागले. तिच्यामागून इंदुताईही. त्यात हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही. निवृत्तीलाही कळले नसावे, तो देवीची गोष्ट सांगत होता.

डोळे पुसून धनीबाई त्याला म्हणाली, "मंग त्यानंतर पाटलाचे भांडे कोनं घासले?"

निवृत्ती म्हणाला, "ते काय कोणी सांगत नाही, मावशी."

तिथून पुढे चढ खडा झाला. माझे छातीतले जड सुरू झाले. सकाळचे पोहे तेलकट होते. थोडे थांबत थांबत पहिल्या लोखंडी शिडीपर्यंत आलो. शिडी कड्याला लावलेली आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. मी अर्ध्यावर गेलो आणि हात ढिले पडले. कळ जबड्यात गेली, डाव्या दंडात उतरली, घामाने शर्ट भिजला. वारा एवढा गार असताना घाम. वरून निवृत्तीने आणि खालून सुरभीने धरून मला खाली घेतले आणि सावलीत टेकवले.

सुरभीने माझी नाडी धरली. खिशातून गोळी काढून चावायला दिली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, हे आधी झालं होतं?"

"गॅस हाय तो. मले पोहे नाई चालत."

"झालतं," धनीबाई म्हणाली. "टेकडीवर झालतं. दोन-तीन डाव."

सुरभीने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "आता वर नाही. बरं वाटलं की हळूहळू खाली, आणि खाली गेल्याबरोबर दवाखाना. निवृत्तीदादा नेतील. बबलूला फोन करते, गाडी तयार ठेवेल."

बसल्यावर मला खरेच बरे वाटले. कळ गेली. मी तसे सांगितलेही. पण ती मुलगी ऐकत नाही.

मग ती धनीबाईला म्हणाली, "काकू, तुम्ही काय करता? दादा आहेत काकांसोबत, खाली बबलू आहे. तुम्ही ठरवा."

धनीबाईने वर पाहिले. शिडीच्या वर कडा होता, कड्याच्या वर आभाळ. डोंगराचे टोक तिथून दिसतही नव्हते. इंदुताई शिडीच्या मधोमध थांबून खाली पाहत होती.

"नाई," धनीबाई म्हणाली. "मी यायच्यासंग जाते."

मीही म्हटले, बरोबर आहे, एकटीने कशाला. तिला फार वाईट वाटलेले दिसले नाही. उतरताना पूर्ण वाट ती एक शब्द बोलली नाही, दगड सैल आहेत, सांभाळून उतरत असेल. उतारावर मला काहीच त्रास झाला नाही.

खाली आल्यावर बबलू गाडी घेऊन उभा होता, घोटीला चला म्हणाला. मी म्हटले, गाडी सगळ्यांची आहे, सगळे उतरू दे. त्यावरून धनीबाई आणि बबलू दोघेही माझ्यावर चिडून बसले आहेत.

तेवढ्यात आमच्या मुलाचा, बादलचा फोन आला. तो वणीला खाणीवर डंपर चालवतो, ड्युटीवर जाता जाता त्याने फोन केला. "बापू, पोचले का वर?"

त्याला तिकडे काळजी नको. मी म्हटले, "नाई रे. तुह्या मायले दम लागला, म्हणून मधातूनच उतरलो."

"मी सांगतलंच होतं तिले," तो म्हणाला.

धनीबाई खाटेच्या पायथ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने मान वर केली नाही.

बबलू पुन्हा आला. म्हणतो, काकू गाडीत जाऊन बसल्या आहेत, तुम्ही येता की उचलून नेऊ. जातो.

२९ नोव्हेंबर, शनिवार. नाशिक

घोटीला ईसीजी काढला आणि डॉक्टरने पुढे नाशिकला पाठवले. हृदयाच्या एका नळीत अडथळा होता. मनगटातून तार घालून स्टेंट बसवला. डिझेलच्या पाइपात कचरा अडकला की गाडी सपाटीवर चालते आणि चढावर मार खाते, तसेच. डॉक्टर म्हणाला, "डोंगरावर गेलात म्हणून कळलं, पण डोंगरावर जायला नको होतं." दोन्ही एकदम कसे खरे असेल, माहीत नाही.

आमची मुलगी सोनू नाशिकलाच नोकरीला आहे, तिच्या खोलीवर राहतो आहोत. ती आईवर ओरडली, "तुला दिसत होतं तर सांगितलं का नाहीस?" धनीबाई म्हणाली, "सांगतलं. जाऊ नोको म्हटलं." सोनूने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "कधी?"

तिने असे काही म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. डायरी मागे उलटून पाहिली. १३ तारखेला दुपारी ती काय म्हणाली ते लिहिलेले आहे.

८ डिसेंबर, सोमवार

घरी. तांड्यातले लोक भेटायला येतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावे लागते. डॉक्टरने जास्त बोलू नका म्हटले आहे.

बादल आमच्या आधीच तांड्यात येऊन गेला होता, त्याच्या तोंडून तांडाभर झाले आहे की आम्ही धनीबाईला दम लागला म्हणून उतरलो. आज मानीबाई आली, याडीच्या वेळची, तांड्यात तिचा शब्द मोठा. धनीबाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुले नाई जमलं ते बरंच झालं, बाई. तू वर गेली असती तं रूपसिंग तिथंच गेला असता. तुह्या दमानं त्याचा जीव वाचला."

सगळे हाव-हाव म्हणाले. शेजारचा प्रेमसिंग म्हणाला, आपल्या बायांनी शेत पाहावे, डोंगर पाहू नये.

धनीबाई चहा करायला आत गेली. चहा चांगला झाला होता. मी काही बोललो नाही. बोलायची मनाईच आहे.

२१ डिसेंबर, रविवार

चालायला सांगितले आहे, सपाटीवर, रोज थोडे थोडे वाढवत. सकाळी दारव्ह्याच्या डांबरी रस्त्याने जातो. धनीबाई सोबत असते. टेकडीच्या वाटेपाशी येतो तेव्हा ती तिकडे पाहते आणि माझ्यासोबत रस्त्यानेच पुढे येते.

आज म्हटले, "जाय ना वर. मी रस्त्यानं फिरून येतो."

"कायले आता?" ती म्हणाली.

पांढरे बूट तिने धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले.

१८ जानेवारी २०२६, रविवार

आज जे झाले ते सगळे लिहितो.

सुट्टी असल्यामुळे बादल आला होता. जेवणे चालू असताना सुरभीचा फोन आला. माझी तब्येत विचारली, मग म्हणाली, काकूंना द्या. फेब्रुवारीत ती पुन्हा कळसूबाईला जाते आहे, इंदुताई परत येणार आहे, काकूंसाठी जागा ठेवू का?

धनीबाई चुलीपुढे बसून भाकरी करत होती. तिने पिठाचा हात पुसून फोन घेतला, ऐकले, आणि म्हणाली, "सांगते." तिने लगेच नाही म्हटले नाही, हे माझ्या लक्षात आले. बादलच्याही आले.

"माय, आता पुरे झालं," तो म्हणाला. "मागच्या वक्ती दम लागला ना तुले? बापूचं पाहून आणखी अक्कल नाई आली? तिथं काई झालं तं कोन पाहीन? पयले डॉक्टरले दाखव."

ती पीठ थापत राहिली. मला वाटले ती आता सांगेल. सांगायला हवे होते तिने, मी अडवले नसते. पण ती थापत राहिली. बादल पुढे बोलत होता की सुरभीला तोच फोन करून नाही म्हणून सांगतो, नंबर द्या.

मी म्हटले, "बादल, तिले दम नाई लागला."

"काय?"

"तुह्या मायले दम नाई लागला. मले झालतं. शिडीवर. ती तं माह्या पुढं होती सगळ्या वाटंनं. माह्यासाठी उतरली."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "मंग मले फोनवर तसं काहून सांगतलं?"

"तुले काळजी लागन म्हणून."

"मायले दम लागला म्हटल्यावर काळजी नाई लागत का मले?"

मी ताट बाजूला सारले. मी एवढेच म्हटले, "जागा ठेवा म्हणून सांग सुरभीले. तिले डॉक्टरले दाखवाचं असंल तं मी नेतो. पण ती जाईन."

धनीबाई म्हणाली, "भाकर करपून राह्यली," आणि तव्यावरची भाकरी उलटली. करपलेली नव्हती.

बादल संध्याकाळच्या गाडीने वणीला गेला. जाताना आईच्या पाया पडला, माझ्याही पडला, पण माझ्याशी बोलला नाही. मी बाहेर जाऊन मानीबाईच्या ओट्यावर बसलो. चार-पाच जण होते. तिथेही सांगितले. प्रेमसिंग म्हणाला, आता कायले सांगतो, झालं ते झालं. मानीबाई म्हणाली, "मंग आमी तिच्या तोंडावर जे बोललो त्याचं काय?" आणि उठून आमच्या घराकडे गेली. दोघी आत काय बोलल्या ते माहीत नाही. मी बाहेरच होतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

धनीबाईला दारव्ह्याला सोडून आलो. गाडीवर मागे बसताना तिने पिशवी मांडीवर घेतली आणि वाटभर मला सूचना दिल्या. सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती, मिठाची बरणी कुठे, बकरीला काय टाकायचे. तिचीही तपासणी करून घेतली होती. यवतमाळच्या डॉक्टरने तिचा ईसीजी पाहून विचारले, "ताई, तुम्ही काय खाता?"

सेवालाल जयंती जवळ आली आहे, भोग-नैवेद्याची तयारी आहे, त्याआधी परत यायचे असे ठरले आहे.

गाडी आली. सुरभी उतरून मला भेटली. मी तिला म्हटले, "मागच्या वक्ती मी तुमाले खोटं बोललो." ती म्हणाली, "माहीत आहे, काका. आता मी सगळ्यांचा डॉक्टरचा कागद बघितल्याशिवाय नेत नाही."

धनीबाई खिडकीपाशी बसली होती. मी हात केला. ती इंदुताईशी बोलत होती, तिला दिसला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खिचडी केली. खाली लागली. मानीबाईने ताट पाठवले ते परत केले, मग दुपारी पुन्हा पाठवले ते ठेवून घेतले.

भांडी घासून ठेवली. बकरीला पाला टाकला. सुरभी म्हणाली होती, दुपारपर्यंत फोन येईल, वर रेंज मिळते. फोन आला नाही. मी लावला तर लागत नव्हता. रस्त्याने दोनदा फिरून आलो. शिडीचे दांडे गार असतील. वारा असेल. खरे सांगायचे तर मनात नाही नाही ते येत होते. याआधी ती माहेरी गेली तरी मला ठाऊक असायचे की आता पाणी भरत असेल, आता भाकरी करत असेल. आज ती या घटकेला काय करत असेल ते मला काही म्हणता काही सांगता येईना. मी घाटात गाडी घेऊन जायचो आणि मुक्कामी राहायचो तेव्हा तिचे काय होत होते, ते कधी विचारले नाही.

दिवस मावळताना इंदुताईचा फोन आला. "भाऊजी, सगळे उतरलो खाली. तुमची बायको वर देवळाच्या मांगं जाऊन बसली तं उठाचं नाव नाई. सुरभीनं तीन हाका मारल्या." मग फोन धनीबाईकडे दिला.

"जेवले का? गोळी घेतली?"

"घेतली. गेली का वर?"

"गेली."

"मंग फोन काहून नाई केला?"

"ध्यानातच नाई राह्यलं," म्हणाली.

याडीच्या औषधाच्या वेळा तिच्या कधी चुकल्या नाहीत, माझ्याही चुकल्या नाहीत. आज विसरली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल आली. दारव्ह्याला उतरली तेव्हा पायरीवरून खाली पाय ठेवताना तिने ओठ आवळले. मांड्या भरून आल्या होत्या. चढताना नाही, उतरताना पाय जातात, असे सुरभी म्हणते. घरी आल्यावर ओट्यावर बसली ती उठेना. तांड्यातल्या बाया जमल्या, त्यांना तिने शिडी, वारा, खालची धरणे, सगळे हात करून करून सांगितले. मानीबाईने विचारले, "देवीले काय मांगतलं?" ती म्हणाली, "काईच नाई. बसली नुसती."

बाया गेल्यावर मी पाणी तापवले, त्यात मीठ टाकले आणि घमेले तिच्यापुढे आणून ठेवले. बूट तिला वाकून काढता येईनात, म्हणून मी खाली बसून काढले. दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली होती. मी पाय पाण्यात ठेवू लागलो तर तिने ओढून घेतला.

"पाय सोडा. कोनी पाहीन."

"पाहू दे."

"पाप लागते मले."

"लागू दे थोडं," मी म्हटले.

तिने इकडे तिकडे पाहिले आणि पाय सोडला. टाच कठीण होती, भेगा जुन्या. मी याआधी तिचे पाय एवढ्या जवळून पाहिले नव्हते. पाणी चांगले गरम होते, ती डोळे मिटून बसली. मग डोळे न उघडताच बोलायला लागली. वरचे बोलली, मग मागचे बोलली, याडीच्या वेळचे, सोनू पोटात होती तेव्हाचे, मी ड्युटीवर असतानाचे. मध्ये पाणी थंड झाले, मी दुसरे आणले, तरी ती बोलत होती.

ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. ते तिचे आहे.